पोर्ट्स ऑफ कॉल : चौथे जहाज घेतले की माझी कंपनी दरवेळी का बुडते?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. ‘पोर्ट्स ऑफ कॉल’ हा १९८७ साली अमिगा संगणकासाठी आलेला जहाज कंपनीचा खेळ मी गेल्या दिवाळीपासून एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळतो आहे. रॉल्फ-डीटर क्लाइन आणि मार्टिन उलरिख या दोघांनी तो तयार केला. चित्रे त्या काळाला साजेशी साधी आहेत, पण हिशेब इतका पक्का बसवला आहे की एकदा मांडी घातली की रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : हातातल्या भांडवलातून जुने किंवा नवे मालवाहू जहाज घ्यायचे, बंदरात जी भाडी मिळतील त्यातले परवडेल ते उचलायचे, इंधन भरायचे, वेग ठरवायचा आणि मुदतीत माल पोहोचवायचा. ठरलेल्या वेळापत्रकाने वाऱ्या करणारी ही लाइनर कंपनी नव्हे. माल मिळेल तिकडे जाणारी, ज्यांना ट्रॅम्प म्हणतात तशी जहाजे आपल्याकडे असतात. बंदरात शिरताना टगचे, म्हणजे जहाज ओढून नेणाऱ्या छोट्या बोटीचे, पैसे वाचवायचे असतील तर जहाज स्वतः धक्क्याला लावावे लागते आणि ते चुकले की दुरुस्ती अंगावर येते.

माझी अडचण अशी आहे. सुरुवातीला मी स्वस्तातली तीन जुनी जहाजे घेतो आणि त्यांच्यावर बऱ्यापैकी पैसा जमतो. मग वाटते की आता एक मोठे, नवे जहाज घेतले तर एका खेपेत तिप्पट मिळेल. म्हणून शिल्लक रक्कम त्यात घालतो, उरलेले कर्ज काढतो, आणि तिथून पुढे वर्षभरात कंपनी आडवी होते. हे एकदा नव्हे, सलग पाच डावांत झाले आहे. शेवटच्या डावात मी वहीच घातली आणि रोज लिहून ठेवले. नव्या जहाजाला युरोपातून आग्नेय आशियाचे उत्तम भाडे मिळाले, मी खूश झालो. पण तिथे पोहोचल्यावर त्या आकाराच्या जहाजाला परवडेल असे काहीच मिळेना. पहिल्या ९० दिवसांपैकी ३१ दिवस ते एक तर उभे होते किंवा रिकामे धावत होते. त्याच सुमारास जुन्या जहाजांची अवस्था खालावली आणि तिन्ही दुरुस्तीला काढावी लागली. पैसे नव्हते म्हणून एक विकले, मग दुसरे विकले.

चौथे जहाज घ्यायचेच नाही का? घ्यायचे तर कधी? आणि वेग किती ठेवावा? मी घाई करून मुदतीच्या आधी पोहोचतो, तरी शेवटी हातात काही राहत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

इंजिनरूम_टिळकवाडी (बेळगाव)

आपण वही घातलीत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ३१ दिवसांत आहे. मी २६ वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि आता निवृत्त होऊन बेळगावात असतो. हा खेळ मुलाने दाखवला तेव्हा मला आश्चर्य वाटले ते याचे, की आमच्या कंपनीच्या कार्यालयात ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त डोकेफोड होत असे तीच गोष्ट यात नेमकी पकडली आहे.

ती गोष्ट म्हणजे भाड्याचा आकडा पाहायचा नाही, दिवसाचा आकडा पाहायचा. भाड्यातून इंधन आणि बंदराचा खर्च वजा करा आणि जे उरेल त्याला त्या खेपेत गेलेल्या सगळ्या दिवसांनी भागा. माल चढवण्याचे, उतरवण्याचे आणि पुढच्या मालासाठी रिकामे धावण्याचे दिवससुद्धा त्यात धरा. समजा एक भाडे ४ लाख डॉलरचे आहे, खर्च १ लाख ६० हजार, प्रवास ४० दिवसांचा. पण तिथून पुढचा माल उचलायला २० दिवस रिकामे जावे लागणार आहे. मग २ लाख ४० हजारांना ६० ने भागायचे, दिवसाला ४ हजार. दुसरे भाडे ३ लाखांचेच आहे, खर्च १ लाख २० हजार, दिवस ३०, आणि त्या बंदरात माल नेहमी मिळतो. हे दिवसाला ६ हजार पडते. कमी भाड्याचे काम दीडपट फायद्याचे निघाले. आपले ते उत्तम भाडे पहिल्या जातीचे होते. खेळात हा भागाकार कोणी करून देत नाही, तो वहीतच करावा लागतो.

आता वेगाबद्दल, कारण हा माझ्या कामाचा भाग. जहाजाचा वेग वाढवला की दिवसाचे इंधन वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटने, म्हणजे ताशी १४ सागरी मैलांनी, दिवसाला ३० टन जाळणारे जहाज ११ नॉटवर आणले तर दिवसाला साधारण साडेचौदा टनांवर येते. ३,००० सागरी मैलांच्या अंतराला १४ नॉटने नऊ दिवस आणि सुमारे २६८ टन लागतात. ११ नॉटने साडेअकरा दिवसांच्या आत पोहोचता आणि सुमारे १६५ टन लागतात. अडीच दिवस जास्त घालवून शंभर टन वाचले. मात्र हे नेहमीच करावे असे नाही. भाडी तेजीत असतील आणि पुढचा माल वाट पाहत असेल तर अडीच दिवसांची किंमत शंभर टनांपेक्षा जास्त असते, तेव्हा पळवावे. भाडी पडलेली असतील, इंधन महाग असेल किंवा आपण मुदतीच्या आधी पोहोचणार असू, तर पळवण्यात काहीही हशील नाही. लवकर पोहोचल्याचे बक्षीस कोणी देत नाही; उशिराचा दंड तेवढा होतो. मुदतीच्या एक-दोन दिवस आधी पोहोचाल असा वेग ठेवा, वादळात गेलेले दिवस त्यात भरून निघतील.

जहाजावर असताना रोज दुपारी बाराला कंपनीला नून रिपोर्ट, म्हणजे दिवसभराच्या प्रवासाचा आणि इंधनाचा अहवाल, जात असे. त्याआधी इंधनाच्या टाक्या मोजायच्या. पितळी वजन लावलेली पोलादी टेप नळीतून खाली सोडायची, तळाला टेकल्याचा हलका ठोका हाताला जाणवला की वर ओढायची आणि काळ्या तेलाची ओली रेघ कुठे संपते ते पाहून आकडा लिहायचा. टेप पुसताना तळहात काळे व्हायचे. जहाज डोलत असेल तर दोन-तीनदा मोजावे लागे. कंपनीचे सगळे गणित त्या रेघेवर अवलंबून असे, म्हणून आपण खेळात इंधनाचा काटा न पाहता वेग ठरवता हे वाचून मला राहवले नाही.

नवे जहाज कधी घ्यावे, तर भाडी पडलेली असताना. आपण उलटे करता. तेजीत पैसा जमतो, म्हणून तेजीत घेता, आणि हप्ते मंदीत फेडावे लागतात. प्रत्यक्षातही मोठमोठ्या मालकांनी हीच चूक केली. कोरड्या मालाच्या जहाजभाड्यांचा बाल्टिक निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ६६३ वर आला. वरच्या आकड्याच्या भरवशावर ज्यांनी नवी जहाजे नोंदवली, त्यांची जहाजे गोदीतून बाहेर पडली तेव्हा त्यांना नेण्यासाठी माल नव्हता.

लॉरीवाले_निपाणी

इंजिनरूम साहेबांचे सगळे पटले, पण पुढचा माल मिळणाऱ्या ठिकाणचेच भाडे घ्या, यात थोडी भर घालावीशी वाटते, कारण लहान मालकाला नेहमी निवड करता येत नाही.

माझ्या वडिलांनी एका लॉरीवर धंदा सुरू केला, आज चार आहेत. निपाणीतून विडीचा तंबाखू गुजरातकडे जातो. जाताना गाडी भरलेली असते, प्रश्न येताना पडतो. दुसरी लॉरी कर्जाने घेतली त्या वर्षी आम्ही चांगल्या परतीच्या भाड्यासाठी ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर चार-चार दिवस गाडी उभी ठेवत होतो. चालकाचा भत्ता चालू, हप्ता चालू, विमा चालू, फक्त चाके बंद. एकदा वडिलांनी पाच दिवसांनी चांगले भाडे मिळवले आणि आनंदाने फोन केला. आईने वहीत हिशेब केला तर पहिल्याच दिवशी सांगितलेले हलके भाडे घेऊन गाडी परत आली असती आणि पुन्हा भरून निघाली असती, तर दुपटीच्या जवळ मिळाले असते. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम असा आहे की डिझेल, टोल आणि चालक सुटून चार पैसे उरत असतील तर परतीचे भाडे सोडायचे नाही, कारण रिकामी गाडी आली तरी डिझेल लागतेच.

म्हणून मलप्रभाकाठ, आग्नेय आशियात ‘परवडेल असे काहीच मिळेना’ असे आपण लिहिले आहे, तिथे मला शंका वाटते. परवडणे कशाशी ताडून पाहिले? जातानाच्या भाड्याशी ताडले असेल तर कुठलेच परतीचे भाडे परवडणार नाही. रिकामे येण्याच्या खर्चाशी ताडून पाहा.

दुसरे, कर्जाबद्दल. आमच्या धंद्यात म्हणतात की नव्या गाडीचा हप्ता जुन्या गाड्यांतून सुटत असेल तरच नवी गाडी घ्यावी. नवी गाडी स्वतःचा हप्ता स्वतः फेडेल अशा हिशेबाने घेतलेली गाडी पहिल्या ब्रेकडाउनला अडकते. जहाजालाही हे लागू व्हायला हरकत नसावी.

डिस्पॅच_उद्यमबाग

मी ओतकामाच्या कारखान्यात निर्यातीचा माल पाठवण्याचे काम पाहतो, म्हणजे आपल्या खेळात जो व्यापारी जहाज शोधत असतो त्याच्या बाजूचा आहे. आमची बाजू एवढीच सांगतो की मालधन्याला जहाजाच्या आकाराशी देणेघेणे नसते, त्याचा माल जेवढा आहे तेवढाच असतो. आमचे कास्टिंग इतके जड असते की वीस फुटी कंटेनर निम्मा रिकामा दिसत असतानाच वजनाची मर्यादा गाठतो. बाहेरचा माणूस आत डोकावला की म्हणतो, अजून एवढी जागा आहे की! पण काट्यावर जागा नसते. जुलै २०१६ पासून तर पडताळलेले वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढतच नाही.

सांगायचे कारण असे की मोठे जहाज म्हणजे मोठे भाडे हे समीकरण माल तेवढा असेल तरच खरे. आपण ज्या मार्गांवर तीन लहान जहाजे चालवत होता त्या मार्गांवर मोठ्या जहाजाचे पोट भरण्याइतका माल कितीदा दिसला होता, ते वहीत सापडते का पाहा. सापडत नसेल तर चौथेही मध्यम आकाराचेच घ्या.

कंटेनरच्या धंद्याची आवड असणाऱ्यांनी २०१४ साली आलेला ‘ट्रान्सओशन : द शिपिंग कंपनी’ खेळून पाहावा. माझ्या मते मात्र रिकाम्या खेपेची धास्ती जुन्या खेळातच जास्त आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लॉरीवाले दादांची शंका खरी ठरली. वही उघडून पाहिली तर त्या बंदरात पहिल्याच दिवशी दोन भाडी होती आणि जातानाच्या भाड्याच्या ती जेमतेम ४० टक्के होती म्हणून मी सोडली. इंधन सुटून त्यात शिल्लक राहत होती. मी ११ दिवस थांबलो आणि शेवटी रिकामा निघालो.

काका, आपण सांगितलेला भागाकार जुन्या नोंदींवर लावून पाहिला. ज्या खेपांना मी वहीत चांदणी काढली होती, त्यातल्या बऱ्याच दिवसाच्या हिशेबात तळाला गेल्या. एक विचारायचे आहे : ज्या बंदरात माल नेहमी मिळतो ते बंदर आधी ओळखायचे कसे? खेळात तसे कुठे लिहिलेले नसते.

लोंढा_जंक्शन

याचे उत्तर मी लोंढ्याच्या फलाटावरून देतो, कारण आपल्याच तालुक्यात ते रोज समोरून जाते.

माझे लहानपण रेल्वे वसाहतीत गेले. तेव्हा बल्लारी-होसपेटकडचे लोहखनिज भरलेल्या गाड्या लोंढ्यावरून कॅसलरॉककडे जात आणि घाट उतरून मुरगाव बंदराला लागत. तिथून ते जहाजाने परदेशी जाई. २०११-१२ च्या सुमारास न्यायालयाच्या आदेशांनी आधी कर्नाटकातल्या आणि मग गोव्यातल्या खाणींवर बंदी आली आणि ते चित्र पालटले. आता त्याच मार्गाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी परदेशातून आलेला कोळसा घाट चढून वर येतो. कुळे ते कॅसलरॉक हा चढ ३७ ला १ असा (३७ फूट पुढे गेले की एक फूट वर) आहे, त्यामुळे भरलेल्या गाडीला मागूनही इंजिने लावून ढकलावे लागते. पावसाळ्यात धुक्यातून आधी पुढच्या इंजिनाचा दिवा दिसतो, मग काळे ओले डबे एकामागून एक जातात आणि सगळ्यात शेवटी मागच्या इंजिनांचा धडधडाट येतो.

मी लहानपणापासून मोजत आलो ते हे, की कोणत्या दिशेचे डबे भरलेले आहेत आणि कोणत्या दिशेचे रिकामे. पूर्वी भरलेले खाली जात आणि बहुतेक रिकामे वर येत. पुढे भरलेले वर येऊ लागले. कारखाना ज्या बाजूला आहे त्या बाजूला कच्चा माल जाणार आणि तिथून तयार माल निघणार, पण दोन्हींचे वजन कधीच सारखे नसते. बंदराचेही तसेच आहे. ज्या बंदरात येणारा आणि जाणारा दोन्ही माल आहे तिथे जहाज रिकामे निघत नाही. खनिजाच्या किंवा धान्याच्या बंदरातून फक्त बाहेर माल जातो, तिथे पोहोचणारी जहाजे बहुधा रिकामीच येतात.

म्हणून खेळात पहिल्या वर्षी प्रत्येक बंदरात थांबाल तेव्हा घ्यायचे नसले तरी सगळी भाडी लिहून ठेवा : कुठून, कुठे, किती. पाच-सहा फेऱ्यांत कोणते बंदर देते आणि कोणते फक्त घेते ते आपोआप दिसू लागेल. मी तसा तक्ता केला तेव्हा लक्षात आले की माझी जहाजे विनाकारण लांब धावत होती. तीन बंदरांचा एक त्रिकोण होता आणि त्यात रिकामी बाजू एकच, तीही सर्वांत लहान होती.

इंजिनरूम_टिळकवाडी (बेळगाव)

लोंढ्याच्या मित्रांनी त्रिकोणाचे अगदी बरोबर सांगितले. आमच्याकडे रिकाम्या प्रवासाला बॅलास्ट म्हणत, आणि चांगला चार्टरिंग मॅनेजर (जहाजांसाठी भाडी ठरवणारा) तोच, ज्याच्या त्रिकोणात बॅलास्टची बाजू सर्वांत आखूड असते. निपाणीच्या मित्रांचेही मान्य. माझ्या आकडेमोडीत हलके परतीचे भाडे बसते, फक्त ते घेऊन आपण पुन्हा एखाद्या ओसाड बंदरात तर जात नाही ना, एवढे पाहावे.

एक गोष्ट मात्र अजून कोणी बोलले नाही. मलप्रभाकाठ, आपली तिन्ही जुनी जहाजे एकदमच का खालावली?

मलप्रभाकाठ (खानापूर)

काका, उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण नवा डाव मांडून पाहत होतो.

तिन्ही जहाजे मी दरवेळी सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांत, एकाच वयाची आणि एकाच दर्जाची घेत होतो. मग ती सारखीच धावणार आणि सारखीच झिजणार. तिघांची दुरुस्ती एकाच वेळी येते, आणि शिल्लक जमून चौथे जहाज घेण्याची वेळही नेमकी तीच असते. पाचही डावांत हेच झाले होते; वहीतल्या तारखा शेजारी-शेजारी लिहिल्यावर दिसले. चौथ्या जहाजाला मी उगाच बोल लावत होतो. त्याच्यासाठी मी दुरुस्तीचेच पैसे खर्च करत होतो.

या डावात पहिली दोन जहाजे घेतली, तिसरे मुद्दाम सात महिन्यांनी घेतले. पहिले दुरुस्तीला गेले तेव्हा बाकीची दोन कमावत होती. वेग मुदतीला बेतून ठेवला. दर खेपेच्या कमाईतला ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला लिहितो आणि तो शिल्लक म्हणून मोजत नाही. दीड वर्ष झाले आहे, तीन जहाजे आहेत, कर्ज नाही. भाडी अजून तेजीत आहेत, म्हणून चौथे घेतलेले नाही.

इंजिनरूम_टिळकवाडी (बेळगाव)

मला हेच हवे होते. प्रत्यक्षात जहाजाच्या वर्ग-प्रमाणपत्राची (जहाज धडधाकट असल्याच्या दाखल्याची) मोठी तपासणी पाच वर्षांनी येते आणि त्या अवधीत तळ दोनदा तपासावा लागतो; त्यासाठी जहाज सुक्या गोदीत चढवले की त्या दिवसांत कमाई शून्य आणि खर्च प्रचंड. एकाच वर्षी बांधलेली जहाजे एकगठ्ठा घेणाऱ्या मालकाच्या सगळ्या तारखा एकत्र येतात, म्हणून शहाणा मालक वयाचा फरक ठेवून घेतो.

आता भाडी पडू लागली की लगेच धावू नका, दोन-तीन महिने पाहा. तेजीत ज्यांनी कर्जे काढली ते विकायला येतात तेव्हा जहाजांच्या किमती आणखी उतरतात. चौथे घेतल्यावर पहिल्या खेपेचा हिशेब इथे टाका, इंधनाच्या आकड्यासकट.